गॅलरीचा स्लायडिंग दरवाजा जड जातोय? साफसफाईपासून बेअरिंग बदलण्यापर्यंत

गॅलरीचा सरकता दरवाजा जड झाला की बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. हँडल धरून हिसका मारायचा, नाहीतर ट्रॅकमध्ये खोबरेल तेल ओतायचे. दोन्हींनी नुकसानच होते. या दरवाजात खऱ्या अर्थाने झिजणाऱ्या गोष्टी दोनच. एक म्हणजे सरकणाऱ्या पल्ल्याखालची बेअरिंग, म्हणजे चाके. दुसरी म्हणजे कड, ट्रॅकमधली ती उभी पट्टी, जिच्यावरून बेअरिंग धावतात. बेअरिंग दुकानात सुटी मिळतात आणि अर्ध्या दिवसात बदलून होतात. कड मात्र चौकटीचाच भाग असते आणि चौकट लादीत, प्लास्टरमध्ये गाडलेली असते. कड गेली की लादी फोडायची वेळ येते. म्हणून खालची प्रत्येक पायरी कड वाचवण्याच्या हिशेबाने लिहिली आहे.

हे सगळे प्रामुख्याने फ्लॅटमध्ये सर्रास दिसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टू-ट्रॅक आणि थ्री-ट्रॅक, म्हणजे दोन किंवा तीन समांतर ट्रॅकांच्या दरवाजांबद्दल आहे. यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकच्या दरवाजांचे, वेगळेपण शेवटाकडे सांगितले आहे.

दुकानात आणि कारागिराशी बोलताना लागणारे शब्द आधी कळलेले बरे. सरकणारा काचेचा पल्ला म्हणजे शटर. त्याची खालची आडवी पट्टी, जिच्या पोटात बेअरिंग बसतात, ती बेअरिंग बॉटम. दोन शटर मध्ये जिथे एकमेकांत अडकतात ती उभी पट्टी इंटरलॉक, आणि कुलूप-हँडल असते ती हँडल सेक्शन. ट्रॅकमधून पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी बाहेरच्या अंगाला चिरा असतात, त्यांना इथे निचऱ्याची भोके म्हटले आहे.

१. घर नवे असेल तर आधी पत्र, मग पेचकस

ताबा मिळून पाच वर्षे झालेली नसतील तर दरवाजा सुटा करायची घाई करू नका. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, कोणताही आकार न घेता दुरुस्त करायचा असतो. खचलेला ट्रॅक, वाकडी बसवलेली चौकट, उताराच्या उलट्या बाजूने बसवलेला उंबऱ्याचा दगड हे यात मोडतात. साफसफाई न केल्याने अडकलेला दरवाजा मात्र मोडत नाही, त्यामुळे पत्र लिहिण्याआधी चौथी पायरी करून बघा.

पत्रासोबत जोडायचे:
- ताबापत्राची प्रत
- नोंदणीकृत करारनाम्यातले ते पान, जिथे खिडक्या-दरवाजांचे वर्णन आहे
- दोषाचे फोटो आणि दरवाजा अडकतानाचा छोटा व्हिडिओ
- पत्राच्या तुमच्या प्रतीवर पोच, तारखेसह

भाड्याचे घर असेल तर मालकाला आधी कळवा. शटर काढताना काच फुटली तर खर्च कोणाचा, हे तेव्हाच बोलून घेतलेले चांगले.

२. दुखणे कुठे आहे ते कानाने आणि डोळ्याने ओळखा

दरवाजा सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा आणि आवाज ऐका. घाईने काढलेले शटर आणि विनाकारण आणलेली बेअरिंग, दोन्ही या पायरीला बगल दिल्यामुळे होते.

करकर, वाळू चिरडल्यासारखा आवाज आणि सगळीकडे सारखाच जडपणा असेल तर ट्रॅकमध्ये माती आहे. धातूवर धातू घासल्याचा लांबलचक आवाज येत असेल आणि कडेवर चांदीसारखी चकचकीत रेघ किंवा काळसर भुकटी दिसत असेल, तर बेअरिंग मोडली आहे किंवा आत दबली आहे आणि शटरची बॉटम थेट कडेवर घासते आहे. अशा वेळी दरवाजा वापरणेच थांबवा. प्रत्येक फेरीत कड खरवडली जाते.

एकाच ठिकाणी अडकतो आणि पुढे सुरळीत जातो? तिथे कडेला पोचा आला आहे किंवा खडा अडकला आहे. नुसते सुरुवातीला सुटायला जड जाते आणि मग चालतो? तर कुलपाचा आकडा पूर्ण मागे जात नसेल, किंवा काचेभोवतीचे रबर सुटून उभ्या चौकटीत चिमटले असेल.

आता दरवाजा बंद होण्याच्या बेतात आणा आणि उभी चौकट व शटर यांमधली फट बघा. वर ५ मिमी आणि खाली ५ मिमी असेल तर शटर सरळ उभे आहे. वर ९ आणि खाली २ असेल तर शटर एका कोपऱ्यात बसले आहे, म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या बेअरिंगांपैकी एक गेली आहे.

आणखी एक माप घ्या, हे बहुतेक जण घेत नाहीत. वरच्या ट्रॅकपासून खालच्या कडेपर्यंतची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे टेपने मोजा. मध्ये ४-५ मिमी कमी भरली तर एक तर वरचा ट्रॅक खाली आला आहे, किंवा खालचा वर उचलला गेला आहे. दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यांतून भिंतीत तिरक्या भेगाही गेल्या असतील तर हे काम दरवाजाचे नाही. सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. शटर वरून कापून देतो म्हणणाऱ्याला थांबवा.

दुपारीच अडकतो आणि रात्री चालतो, ही तक्रार पश्चिमेच्या गॅलऱ्यांत असते. आठ फुटी अ‍ॅल्युमिनियमची चौकट २० अंशांनी तापली तर साधारण १ मिमी वाढते, यूपीव्हीसीची त्याच्या सुमारे तिप्पट. एवढ्याने अडकत असेल तर दरवाजात मुळात सैलपणाच उरलेला नाही. पाचव्या पायरीने बहुधा भागते.

३. जवळ काय काय हवे

- व्हॅक्युम क्लिनर. नसेल तर एक इंची रंगाचा ब्रश आणि सुपली
- जुना टूथब्रश, सुती फडकी, भांडी घासायचे सौम्य लिक्विड
- खराट्याची काडी, निचऱ्याच्या भोकांसाठी
- फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, दोन नंबरचा, लांब दांड्याचा. शिवाय एक चपटा
- पटाशी किंवा जाड चपटी सळई, आणि लाकडाचा ठोकळा
- पक्कड, लहान हातोडी
- सिलिकॉन स्प्रे
- जाड हातमोजे आणि बंद बूट
- टेप, मास्किंग टेप, पेन
- शटर टेकवायला जुनी गोधडी किंवा सतरंजी

आणि एक माणूस. काचेचे वजन प्रत्येक मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे २.५ किलो भरते. चार फूट रुंद, सात फूट उंच शटरमध्ये ५ मिमी काच असेल तर नुसती काच ३२ किलोंची, ६ मिमी असेल तर ३९ किलोंची. त्यात अ‍ॅल्युमिनियमची भर. एकट्याने हे शटर उचलू नये, कितीही सवय असली तरी.

४. ट्रॅक कोरडाच साफ करा, पाणी नंतर

पाणी ओतून सुरुवात केली की ट्रॅकमधली धूळ, कबुतरांची पिसे, केस आणि सिमेंटची भुकटी यांचा लगदा होतो आणि तो बेअरिंगखाली जाऊन घट्ट बसतो. आधी व्हॅक्युम, कोपऱ्यांत ब्रश. एक शटर डावीकडे सारून उजवा भाग, मग उलट. सुकलेले प्लास्टर किंवा रंगाचे थेंब लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी सुरीने नाही.

त्यानंतर कोमट पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाकून टूथब्रशने कडेच्या दोन्ही बाजू घासा आणि फडक्याने टिपून घ्या. संडास-बाथरूम साफ करायचे अ‍ॅसिड ट्रॅकला अजिबात लावू नका. अ‍ॅसिड आणि कॉस्टिक दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात आणि वरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर उडवतात. ओले सिमेंटही हेच करते. म्हणून घरात लादीचे किंवा प्लास्टरचे काम सुरू करताना ट्रॅकवर टेप लावून तो झाकायला सांगा, उडालेले सिमेंट तिथल्या तिथे पुसायला लावा.

निचऱ्याची भोके आता. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला दोन-तीन चिरा दिसतील. खराट्याची काडी घालून आतून बाहेर ढकला. मग ट्रॅकमध्ये एक पेला पाणी ओता. काही मिनिटांत ते जायला हवे. तुंबून राहिले तर भोक अजून बंद आहे, किंवा गॅलरीची नवी लादी बसवताना ते लादीखाली गाडले गेले आहे. हे दुसरे कारण फार दिसते आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात बेअरिंग दिवसेंदिवस बुडून राहतात. तिथे लादीची कड ग्राइंडरने थोडी कापून वाट मोकळी करावी लागते. पेलाभरच पाणी घ्या. बादली ओतली तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

ट्रॅक पूर्ण सुकला की सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून कडेच्या माथ्यावरून पातळ हात फिरवा. थेट फवारला तर लादीवर सांडतो आणि तिथे पाय घसरतो. खोबरेल, शिलाई मशीनचे तेल, ग्रीस यांतले काही नको. ओले तेल धूळ धरून ठेवते आणि दोन महिन्यांत सहाणेवर उगाळावे तसे बेअरिंग उगाळले जाते. गंज सोडवणारा स्प्रे अडलेला स्क्रू सोडवायला चांगला, पण तो टिकणारे वंगण नाही.

पुष्कळ दरवाजे इथेच बरे होतात. दोन बोटांनी सरकायला लागला तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

५. उंची जुळवण्याचा स्क्रू

शटरच्या उभ्या कडेवर, अगदी खाली, दोन्ही टोकांना एकेक भोक असते. काहींवर प्लास्टिकचे बूच असते. आत स्क्रूचे डोके दिसले तर तुमची बेअरिंग वर-खाली होणारी आहेत. स्वस्तातल्या बेअरिंगांना ही सोय नसते. मग सहाव्या पायरीकडे जा.

स्क्रू फिरवण्याआधी शटरचे वजन उचलायला हवे. ठोकळ्यावर पटाशी टेकवून शटरचा तो कोपरा दुसऱ्या माणसाने किंचित वर धरावा. भाराखाली फिरवला तर आटे मरतात आणि बेअरिंग फुकट जाते. बहुतेकांत घड्याळाच्या दिशेने फिरवले की शटर उचलले जाते, पण अर्धा फेरा फिरवून बघा आणि मगच दिशा ठरवा. अर्धा फेरा इकडे, सरकवून बघा, फट मोजा. वरची आणि खालची फट सारखी झाली की थांबा. वर फार उचललेत तर शटर वरच्या ट्रॅकला घासेल आणि जडपणा खालून वर गेला एवढेच होईल.

६. शटर काढणे

वारा असलेल्या दिवशी हे काम करू नका. वरच्या मजल्यावर तर नाहीच. मुले आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत, गॅलरीत कोणीही उभे नको. बाहेरचे शटरसुद्धा घरातूनच, आतल्या बाजूला काढायचे.

क्रम असा: घराच्या सर्वांत जवळचे आधी. थ्री-ट्रॅकमध्ये जाळीचे शटर आतल्या ट्रॅकवर असेल तर पहिले ते. प्रत्येक शटरवर मास्किंग टेप लावून आतली बाजू आणि डावे-उजवे लिहून ठेवा. काढल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

उंचीचे स्क्रू असतील तर शटर पूर्ण खाली आणा. वरच्या ट्रॅकमध्ये बोट फिरवून प्लास्टिकचा ठोकळा किंवा एखादा स्क्रू आहे का बघा. चोराने बाहेरून शटर उचलू नये म्हणून तो लावलेला असतो. काढून डबीत ठेवा. शटर अर्धे उघडे ठेवा, म्हणजे इंटरलॉक एकमेकांत अडकलेले राहणार नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून सरळ वर उचला. शटर वरच्या खाचेत सेंटिमीटरभर चढते. खालची बाजू कडेच्या वर आली की ती आपल्याकडे ओढा आणि मग हळूच खाली घ्या.

कोपरा लादीवर किंवा कडाप्प्यावर टेकवू नका, गोधडीवरच ठेवा. टफन केलेली (तापवून कणखर केलेली) काच मधोमध बराच मार सोसते, पण कडेला दगड लागला तर क्षणात चुरा होते. साधी काच फुटली तर लांब, सुरीसारखे तुकडे पडतात. काच कोणती हे कोपऱ्यातल्या छोट्या शिक्क्यावरून कळते. शिक्का नसेल तर साधीच समजून वागा.

शटर हलतच नसेल तर जोर वाढवू नका. अडसर राहिला आहे, तो शोधा.

७. बेअरिंग : काढणे, ओळखणे, आणणे

शटर आडवे झोपवू नका. उभेच, एका बाजूवर टेकवून धरा म्हणजे बॉटम समोर येते. चाक बोटाने फिरवा. बरेचदा आसाभोवती लांब केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, काळ्या कडीसारखे. लहान कात्रीने कापून सुईने ओढून काढा आणि चाक पुन्हा फिरवा. मोकळे फिरते, डगमगत नाही, घेरावर सपाट डाग नाही, तर तेच परत बसवा. नायलॉनच्या चाकाला एका जागी उभे राहून सपाट डाग पडतो आणि मग दरवाजा टकटक करत चालतो. तसे असेल किंवा बॉल बेअरिंग गंजून अडली असेल, तर बदला.

बेअरिंग स्क्रूने धरलेली असेल तर स्क्रू काढून ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने बाहेर उचकटता येते. स्क्रू गंजला असेल तर स्प्रे मारून वीस मिनिटे थांबा. डोके एकदा गुळगुळीत झाले की ड्रिलशिवाय निघत नाही. काही सेक्शनांत (पट्ट्यांच्या प्रकारांत) मात्र बेअरिंग काढायला उभी पट्टीच सोडवावी लागते, म्हणजे काच अर्धी मोकळी होते. तिथे थांबा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कारागिराला बोलवा. पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी काच गमावणारे इथेच गमावतात.

दुकानात जुनी बेअरिंग सोबतच न्या. नुसते नाव किंवा फोटो पुरत नाही, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या बेअरिंग दोन मिमीने मोठ्या निघतात आणि बॉटममध्ये शिरत नाहीत. जुळवायचे ते हे: चाकाचा व्यास, चाकाच्या खाचेचा आकार आणि तिची रुंदी, चाक ज्या पेटीत बसते त्या घराची रुंदी व उंची, स्क्रूच्या भोकांचे अंतर. खाच कडेवर नीट बसायला हवी. अरुंद खाच दोन्ही बाजूंनी घासते, रुंद खाच शटरला डुलवते.

लोखंडी चाक मजबूत दिसते म्हणून घेऊ नका. ते टिकते, पण मऊ अ‍ॅल्युमिनियमची कड खाते. नायलॉनचे चाक आणि आत स्टेनलेसची बॉल बेअरिंग हा घरासाठी योग्य जोड. ३० किलोंच्या पुढच्या शटरला एकेका टोकाला दोन चाके असलेली बेअरिंग मागा, बॉटममध्ये जागा असेल तर. एका शटरच्या दोन्ही बेअरिंग एकदमच बदला. एक नवी, एक झिजलेली असे ठेवले तर शटर तिरके उभे राहते आणि नवीही लवकर जाते.

मुंबई, कोकण, गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर स्क्रूही स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे मिळाले तर तेच घ्या. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत काही पावसाळ्यांतच गंजून फुगतो आणि त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

८. कड सरळ करणे

शटर बाहेर आहे तोवर कडेवरून बोट फिरवा, हातमोजा घालून. पोचा लागला तर पकडीच्या जबड्यांना मास्किंग टेप गुंडाळून थोडे थोडे सरळ करा, किंवा एका बाजूला ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हातोडीची हलकी टिचकी. एकदाच जोरात वाकवलेली कड तुटते. टोकदार चरे बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि भुकटी पुसून काढा, नाहीतर ती नव्या बेअरिंगमध्ये जाईल.

कड बरीच झिजली असेल तर तिच्यावर चढवायची स्टेनलेसची टोपी मिळते का, ते अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात विचारा. टोपी बसवली की शटर तेवढे उंच होते, म्हणून उंचीचे स्क्रू तितके खाली घ्यावे लागतात.

ट्रॅकवर पाय दिला की तो खालीवर हलतो? मग त्याच्या खाली पोकळी आहे. सोफा, कपाट, वॉशिंग मशीन त्यावरून ओढताना तो मधोमध खचतो. कारागिराकडून खाली पॅकिंग भरून घ्या. कडेने सिलिकॉन मारताना न्यूट्रल प्रकारचे वापरायला सांगा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन धातूला गंज लावते.

९. परत बसवणे

काढताना जे शेवटी निघाले ते आधी. वरची बाजू खाचेत घाला, वर उचला, खालची बाजू कडेवर आणून हळू सोडा. दोन्ही चाके कडेवर आली का ते वाकून बघा. एक चाक कडेशेजारी उतरले तरी शटर उभे राहते आणि पहिल्याच ओढीत कड वाकते. मग उंची जुळवा, दोन्ही फटी मोजा, कुलूप लावून बघा. उंची बदलली की आकडा समोरच्या खाचेत चुकतो, तेव्हा खाचेची पट्टी सैल करून वर-खाली सरकवा. चोरविरोधी ठोकळा डबीतच राहून जातो, तो आठवणीने लावा.

यूपीव्हीसीचा दरवाजा असेल तर

साफसफाई तशीच, अ‍ॅसिडऐवजी सौम्य लिक्विड तसेच. उंची बहुधा षटकोनी अ‍ॅलन कीने जुळवतात. कुलूप एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी लागते, त्यामुळे हँडल पूर्ण फिरले नाही तर दरवाजा जड वाटतो. दोष बेअरिंगचा नसतो. दुहेरी काच असेल तर वजन दुप्पट धरा: ५ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. आणि हँडल फिरवल्यावर अख्खे शटर किंचित वर उचलले जाऊन मग सरकते असा प्रकार असेल, तर घरी उघडू नका, बसवणाऱ्या कंपनीच्या माणसालाच बोलवा.

नंतरची देखभाल

मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, निचऱ्याची भोके आणि ट्रॅक. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा भोकांत काडी. दिवाळीच्या साफसफाईत कोरडा ब्रश आणि सिलिकॉनचा पातळ हात. समुद्राजवळ असाल तर महिन्यातून एकदा ट्रॅक गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, म्हणजे मीठ साचत नाही.